घालतलंय

आमच्या घरी फुकटचे बांगडे यायचे ते इंजिनाच्या तेलामुळे. असं म्हटलं की हल्लीची मुलं माझ्या वयाकडे बघून समजूतदारपणे मान डोलावतात, म्हणून जरा नीट सांगते. माझे वडील, गणपत परब, परळच्या एका गिरणीच्या जिमखान्यात गवत कापायची गाडी चालवत. गाडी म्हणजे खरोखरच बसून चालवायची गाडी. पुढे पात्यांचा रूळ, मध्ये पेट्रोलचं इंजिन, मागे लोखंडी आसन. तिचं तेल अधूनमधून बदलावं लागे आणि निघालेलं काळं तेल गिरणीला नको असे. ते नेई जानकी कोळीण. तिच्या घरच्यांची होडी कफ परेडच्या किनाऱ्याला लागे आणि होडीच्या लाकडाला हे जळकं तेल लावलं की कीड लागत नाही, असं तिचं म्हणणं. तेलाच्या डब्याबदली ती बांगडे ठेवून जाई, बांगडे नसले तर सुके बोंबील. "परबानू, गारीचं तेल कवा काढताव?" असं ती कुंपणाबाहेरून ओरडून विचारी, आणि आमच्या घरात पगाराच्या दिवसापेक्षा त्या प्रश्नाची वाट जास्त पाहिली जाई. आई त्या बांगड्यांचं तिरफळं घालून तिखलं करायची. त्या तिखल्याचा वास आणि वडिलांच्या हातांचा इंजिनतेलाचा वास, दोन्ही एकाच दिवशी यायचे. दोन्हींपैकी कुठलाही वास मला कधी घाण वाटला नाही.

आम्ही पॅव्हेलियनच्या जिन्याखालच्या खोलीत राहत होतो. गाडी चालवणाऱ्याला ती खोली मिळे. म्हणजे खोली वडिलांची नव्हती, गाडीची होती, आणि आम्ही तिघं गाडीचे भाडेकरू होतो. एका भिंतीपलीकडे गाडीची शेड आणि मैदानाच्या त्याच कडेला, थोडं पुढे, सामानाची कोठी. रविवारी सामना असला की डोक्यावरच्या लाकडी पायऱ्यांवरून माणसं धडधडत चढायची-उतरायची आणि आईच्या आमटीत चुन्याची पापडी पडायची. आई ती चमच्याने काढून टाकायची आणि वर बघून एक शिवी हासडायची. विकेट पडली हे आम्हाला स्कोअरबोर्डावरून नाही, त्या पायऱ्यांच्या आवाजावरून कळे. पण सामना नसलेल्या दिवशी त्या खोलीइतकी शांत जागा परळात दुसरी नव्हती. दारासमोर एवढं मोठं हिरवं मैदान, कुंपणापलीकडे चाळी, त्यांच्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, आणि मैदानात एकटे माझे वडील, गाडीवर ताठ बसून, सरळ रेषेत जाताहेत, वळताहेत, परत येताहेत. मैत्रिणींच्या वडिलांना गिरणीच्या खात्यात उभ्याने काम करावं लागे, माझे बसून करतात याचा मला गर्व होता.

तेल बदलायची त्यांची एक पद्धत होती. आधी गाडी थोडी चालवायची, कारण गार तेल तळाला चिकटून राहतं आणि घाण आतच राहते. मग इंजिन बंद करून खाली पसरट घमेलं सरकवायचं आणि पान्याने तळाचा बोल्ट सोडायचा. तेल पहिल्यांदा जाड धारेने यायचं, मग सुतासारखं, मग थेंब थेंब. या थेंबांची ते घाई करत नसत. तेवढा वेळ बिडी ओढायला शेडीपासून लांब जाऊन उभे राहत. परत आल्यावर घमेल्यात बोट बुडवून तेल अंगठ्यावर चोळून बघत. त्यात कचकच लागली तर इंजिन आतून झिजतंय. "बाय, त्याल बरोबर सांगता, इंजिनाच्या पोटात काय चल्लाहा ता," असं ते मला म्हणत. मग गिरणीतल्या सुताच्या गुंत्याने बोल्ट पुसून घट्ट बसवायचा आणि वरून नरसाळ्याने नवं तेल ओतायचं. शेवटी कांडी बुडवून, काढून, तेल किती चढलंय ते बघायचं. नवं तेल कोठीत कुलपात असे आणि जुनं पुरतं गळून बोल्ट लागल्याशिवाय ते नवा डबा बाहेर काढत नसत. उघडा डबा शेडीत ठेवला की गवताचा भुसा पडतो म्हणून. म्हणजे दर वेळी काही मिनिटं अशी असत, की गाडी बाहेरून जशीच्या तशी दिसे आणि आत तेलाचा थेंबही नसे.

आता भाषेबद्दल. वडील मालवणकडचे, आई कणकवलीची, आणि घरात बोलणं सगळं मालवणी. मला दादरच्या शाळेत घातलं होतं, तिथे पहिल्याच आठवड्यात "माका" म्हटल्याबद्दल वर्ग हसला. मी पुढच्या आठवड्यापासून "मला" म्हणायला लागले. मला ते जड गेलं नाही, उलट मजाच वाटली. शाळेच्या फाटकात एक भाषा टांगायची आणि दुसरी अंगात घालायची, संध्याकाळी उलटं. पुढे आयुष्यभर मी मराठीच शिकवली. माझं मराठी पुणेरी वाटतं असं लोक म्हणतात आणि मी त्यांना तसं वाटू देते. वडिलांना मात्र हे जमत नसे, आणि जमावं असं त्यांना वाटतही नसे. ते सगळ्यांशी मालवणीच बोलत, फाटकावरच्या पठाणाशीसुद्धा.

लेल्यांशीही. लेले जिमखान्याचे कारकून होते. गिरगावातून येत, कोट घालत, आणि बोलत असे की प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. माणूस मात्र मनाने मोकळा. आईच्या हातची सोलकढी त्यांना फार आवडे आणि ती मागून घ्यायला ते लाजत नसत. मला ते स्वतःची पुस्तकं आणून देत. त्या वर्षांत सगळ्या मुंबईच्या डोक्यात संयुक्त महाराष्ट्र हा एकच विषय होता, आणि लेल्यांच्या डोक्यात तर दुसरा शिरायला जागाच नव्हती. दुपारी पॅव्हेलियनच्या पायरीवर बसून ते वडिलांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत. संध्याकाळी दोघं सभेला जात, एक कोटात, एक खाकी अर्ध्या चड्डीत, आणि घसा बसवून परत येत. दुसऱ्या दिवशी दोघांचाही आवाज सारखाच घोगरा असे. आई म्हणायची, आता तरी दोघे एका भाषेत बोलतात. गोळीबाराच्या बातम्या आल्या त्या दिवसांत लेले दोन वेळा आमच्याच खोलीत झोपले, कारण गिरगावची वाट बंद होती. वडिलांनी आपली वळकटी त्यांना दिली. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं ते दोन वैऱ्यांत झालं नाही.

झालं ते असं. रविवारी मोठा सामना होता आणि शुक्रवारी मंडपाच्या खुर्च्या घेऊन एक ट्रक आला. फाटकापासून आत यायची वाट शेडीपुढून होती आणि शेडीपुढे आमची गाडी उभी होती, कारण वडील तेल बदलत होते. जुनं तेल काढून, बोल्ट लावून ते नवा डबा आणायला कोठीत गेले होते. ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. त्याच वेळी कुंपणाबाहेरून लालबागकडे मोर्चा चालला होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" असं एकजण ओरडे आणि "झालाच पाहिजे" असं सगळा रस्ता ओरडे. मी दारात धुणं पिळत होते. लेले पॅव्हेलियनमधून धावत आले, ट्रककडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि कोठीच्या दिशेने ओरडले, "परब, तेल घातलंत का?"

कोठीतून वडिलांचा आवाज आला, "घालतलंय!"

लेल्यांनी मान हलवली, गाडीवर बसले आणि तिला चालू केलं. त्यांना ती गाडी चालवायची हौस होती, वडील कधी कधी त्यांना एखादी फेरी मारू देत. नुसती वाटेतून बाजूला घेतली असती तर कदाचित काही झालं नसतं. पण मोर्चा कुंपणाबाहेर, अंगावर कोट, बुडाखाली इंजिन. लेल्यांनी गाडी कुंपणाच्या कडेकडेने मोर्चाबरोबर नेली. एक हात सुकाणूवर आणि दुसऱ्या हाताची मूठ वर. मोर्चातल्या लोकांनी त्यांना बघून टाळ्या वाजवल्या. मीही हसत होते. वडील तेलाचा डबा घेऊन कोठीतून बाहेर आले, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि डबा टाकून पळत सुटले. माझे वडील पळताना मी त्याआधी कधी बघितले नव्हते. "थांबा! ओ लेलेसायेब, थांबा!" पण रस्ताभर लोक ओरडत होते, त्यात एक ओरडणं कुठलं ऐकू येणार? आधी एक टकटक आली, मग लोखंडावर लोखंड घासल्याचा एक लांब आवाज आणि मग एकदम काहीच नाही. गाडी जागच्या जागी थांबली. वडील तिच्याजवळ पोचले, इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून काढला. इंजिन जाम झालं होतं. लेले आसनावरच बसून होते, त्यांची वरची मूठ खाली यायची राहून गेली होती.

सोमवारी गिरणीच्या मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना वर कचेरीत बोलावलं. साहेब पारशी, वयस्क, नाकाशी तपकीर नेत बोलायचे. इंजिन विलायतेहून आलेलं, त्याचा सुटा भाग मिळायला किती महिने लागतील याचा पत्ता नाही, आणि सामन्याच्या दिवशी मैदान बायका लावून विळ्यांनी कापून घ्यावं लागलं होतं. ते रागावले होते, पण आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांना फक्त कोणाची चूक ते ठरवायचं होतं. वडिलांनी तेल नसताना "घातलंय" असं सांगितलं असेल तर गाडी काढून घेणार आणि गाडीबरोबर खोली. तसं सांगितलं नसेल आणि लेल्यांनी स्वतःच्या मनाने गाडी नेली असेल, तर लेल्यांना जावं लागणार. दोघांपैकी एक. आईने मला बरोबर पाठवलं होतं, कारण ऐकणारी तिसरी मीच होते.

लेले म्हणाले, "साहेब, मी विचारलं, तेल घातलंत का. ते म्हणाले, घातलंय. मी कानांनी ऐकलं." त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी तेच ऐकलं होतं.

वडील म्हणाले, "मी 'घालतलंय' म्हटलंय."

"हेच तर मी सांगतोय," लेले म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू काय ऐकली?"

मी माझ्या शाळेतल्या मराठीत सांगितलं, की बाबा "घालतलंय" म्हणाले. आमच्या बोलीत "घातलंय" म्हणजे घातलं, आणि "घालतलंय" म्हणजे घालणार आहे. मध्ये एक "ल" आहे. लेलेकाकांना तो गोंगाटात ऐकू आला नसेल, किंवा आला तरी त्याचा अर्थ त्यांना माहीत नसेल, कारण त्यांच्या मराठीत तो शब्दच नाही. हे बोलताना मला बरं वाटत होतं. कोणीच खोटं बोललं नव्हतं, हे दाखवायला सोपं होतं, आणि मला ते नीट दाखवता येत होतं. लेल्यांनी वडिलांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं काहीतरी आलं.

साहेबांनी तपकिरीची चिमूट तशीच धरून ठेवली. त्यांना गंमत वाटली असावी. खिडकीतून खाली रस्त्यावरचे झेंडे दिसत होते. ते म्हणाले, "अरे, पन मग मला एक समजाव. इकडे रोज तुमी बोंब मारते, एक भाशा, एक राज. आनि या दोघाला एकमेकाची भाशा समजत नाय! तर हे एक भाशा हाय का दोन? दोन असेल तर चूक कोनाचीच नाय, मी दोघाला सोडते. एक असेल, तर दोघातला एक जन खोटा बोलते."

"एकच!" लेले म्हणाले. त्यांना विचार करायला वेळच लागला नाही. इतके महिने रोज त्याच प्रश्नाला ते उत्तर देत होते, ते तोंडातून गेलं. गेल्यावर त्यांना कळलं. ते माझ्याकडे बघायला लागले, मग जमिनीकडे.

साहेब वडिलांकडे वळले. "परब, तू बोल. तू दोन बोलला, तर मी दोन मानते. गाडी तुझी, खोली तुझी. कारकून पन राहील."

मला आजही आठवतं, वडील तेव्हा पाठीमागे हात बांधून उभे होते आणि चटका बसलेला हात दुसऱ्या हाताने दाबत होते. मी मनात म्हणत होते, दोन म्हणा, बाबा, दोन म्हणा. नुसता एक शब्द. तो खोटाही नव्हता. मी रोज शाळेच्या फाटकात दोन भाषा बदलत होते, मला तर तो खराच वाटत होता.

"एकच, सायेब," वडील म्हणाले.

साहेबांनी तपकीर ओढली. "मग तू घातला नाय आनि घातला बोलला." लेले मध्ये पडले, चूक माझी, गाडी मी नेली, मला काढा असं म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गाडीची जबाबदारी ज्याच्याकडे, चूक त्याची. वडिलांना नोकरीवरून काढलं नाही, गिरणीच्या गोदामात गाठी उचलायला घातलं. महिन्याअखेर खोली सोडायची होती.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. वडील हातपाय धुऊन पाटावर बसले. आईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ताट रिकामं होतं, पुसून लख्ख केलेलं.

"वाढतलंय," आई म्हणाली. "जेवा."

वडील ताटाकडे बघत राहिले.

"जेवा ना. वाढतलंय म्हणजे वाढलंय. एकच भाशा ना ती? तुमच्या एका शबदान माझा घर गेला. दोन म्हटल्यात असता तर काय जीब झडली असती?"

"मियाच माझी भाशा येगळी म्हणान सांगलंय," वडील हळू म्हणाले, "तर उद्या तो सायेब सगळ्यांका सांगतलो, ह्यांची आपसातच एक भाशा नाय, ह्यांका मुंबय कशाक व्हयी?"

"त्याका कोण इचारता? आनि तुमका कोण इचारता?"

"माका इचारल्यान," वडील म्हणाले. "आज इचारल्यान."

आई रडली, मग भात वाढला. मला त्या संध्याकाळी वडिलांचा राग आला होता, आणि तो बरीच वर्षं गेला नाही. एका गिरणीच्या मॅनेजरने तपकीर ओढता ओढता गंमत म्हणून विचारलेल्या प्रश्नावर राज्याचा निकाल लागणार होता, असं त्यांना खरंच वाटलं. आज मी तो राग शोधते तर सापडत नाही. उभ्या आयुष्यात त्या माणसाला कोणी तुझं मत काय असं विचारलं नव्हतं. एकदाच विचारलं, आणि त्याने नीट विचार करून उत्तर दिलं.

आम्ही लालबागला एका चाळीत गेलो. मैदान नव्हतं, फुकटचे बांगडे नव्हते, वडिलांच्या हातांना आता गोणपाटाचा वास यायचा. आता मी मुलीकडे परळला राहते, तिच्या इमारतीत दुसऱ्या की तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगच्या छतावर एक हिरवळ केली आहे. तिथे एक बिहारी मुलगा खांद्याला पट्टा लावून यंत्राने गवत कापतो. मी गॅलरीत उभी राहून त्याने तेल कधी बदललं असेल याचा विचार करते. मुलीला वाटतं मी हिरवळ बघते.

लेले आमच्याकडे यायचे थांबले होते. वडिलांनी त्यांना कधी टाळलं नाही, पण त्यांनाच तोंड दाखवणं कठीण जात असावं. मग मुंबईसकट महाराष्ट्र झाला. त्या दिवशी चाळीत गुढीसारख्या साड्या बाहेर लावल्या होत्या, खाली ढोल वाजत होते आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. वडील खाटेवर बसून खिडकीतून बघत होते. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात लेले उभे राहिले. तोच कोट, हातात पेढ्यांचा पुडा, घसा बसलेला. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि सोलकढी करायला आत गेली.

लेल्यांनी पुडा सोडून वडिलांपुढे धरला. "परब, झाला आपला महाराष्ट्र. पेढा घेतलात का?"

पुडा भरलेला होता आणि वडिलांचे हात मांडीवर होते. ढोलांमुळे त्यांना थोडं मोठ्याने बोलावं लागलं.

"घेतलंय," ते म्हणाले.

लेल्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी वडिलांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. एखाद्या मुलाने परीक्षेत विचारावं तसं त्यांनी मला हळूच विचारलं, "घेतलंय म्हणजे... घेतला, की घेणार?"

आमच्या बोलीत "घालणं" दोन तऱ्हांनी होतं, घातलंय आणि घालतलंय. "घेणं" मात्र झालं काय आणि व्हायचं काय, एकाच शब्दात मावतं. मी ते सांगणार होते, पण आतून आईच बोलली.

"दोन्ही एकच, लेलेसायेब," ती म्हणाली. "ह्या खेपेक खराच एकच. द्या त्यांका."